रात्रपाळीला कोण?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला आज विषय दिला आहे 'स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना सांभाळणाऱ्या कुटुंबीयांचा थकवा'. मी नऊ वर्षं पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांमध्ये एका सल्ला केंद्रात काम करते. 'कुटुंबीय' म्हणून जे कोणी माझ्यासमोर येऊन बसलं, ती बहुतेक वेळा एकटी बाई होती. सून, बायको, नाहीतर लग्न न झालेली किंवा माहेरी परत आलेली मुलगी. म्हणून आज मी 'कुटुंबीय' न म्हणता 'बाई'च म्हणणार आहे. जे पुरुष सांभाळतात त्यांच्याबद्दलही बोलेन, पण नंतर.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

एकदा चाळीतल्या तीन बायका केंद्रात आल्या. म्हणाल्या, "ताई, आमच्या शेजारी सून सासूला कोंडून ठेवते. काल तर हातसुद्धा उचलला." आम्ही दोघीजणी दुसऱ्या दिवशी घरी गेलो. दहा बाय बाराची खोली. सासूबाई ७८ वर्षांच्या, दंडावर बोटांचे वळ. सून ४६ वर्षांची, चाळीत तिला सगळ्या वहिनी म्हणतात. मी माझ्या केंद्रातल्या आवाजात तिला सगळं सुनावलं. ज्येष्ठांचा छळ हा गुन्हा आहे, पोलीस येतील, वगैरे. तिने खाली मान घालून ऐकलं आणि लेखी हमीवर सही केली. मी नोंदवहीत लिहिलं, 'वृद्ध स्त्रीचा छळ. सुनेला समज दिली.' आमच्या दृष्टीने काम झालं.

पंधरा दिवसांनी वहिनी स्वतःहून केंद्रात आली. सासूबाईंचा हात धरून, कारण त्यांना ठेवायचं कुणाकडे? सासूबाईंच्या एका पायात वहिनीची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात मुलाची. वहिनी म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी सगळं बोललात. मी बोलायची राहिले होते."

मग तिने सांगितलं. सासूबाई रोज रात्री दोनच्या सुमाराला उठतात. 'गाडी चुकेल, गावाला जायचंय' म्हणतात आणि दार उघडतात. एकदा पहाटे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर सापडल्या, ट्रकवाल्याने थांबवलं म्हणून वाचल्या. तेव्हापासून बाहेरून कडी. नवरा कारखान्यात. पहिली, दुसरी, तिसरी पाळी. रात्रपाळी करून आला की त्याला त्याच खोलीत झोपायचं, म्हणजे दिवसा सासूबाईंना गप्प ठेवायचं कामही हिचंच. त्या हिला सारखं म्हणतात, 'माझ्या बांगड्या तू विकल्यास.' शेजारी सांगतात, 'ही मला जेवायला देत नाही.' हात उचलला त्या दिवशी सकाळपासून तिसऱ्यांदा लुगडं बदललं होतं आणि त्यांनी भिंतीला घाण फासली होती. "मी ओढलं त्यांना. खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. आणि मग, "ह्यांची पाळी दर आठवड्याला बदलते ताई. माझी चार वर्षं झाली, बदलली नाही."

मी तिला विचारलं, सलग किती तास झोपता? ती बोटं मोजत बसली. उत्तर आलं नाही. आमच्या तक्रारीच्या अर्जात नाव, वय, जात, शिक्षण, उत्पन्न असे रकाने आहेत. झोपेचा रकाना नाही. मी समाजकार्याची पदवी घेतलेली बाई. त्या खोलीत दोन बायका होत्या आणि मी एकीकडेच बघितलं.

आता आजाराबद्दल थोडं, कारण आपल्यापैकी अनेकींच्या मनात अजून 'साठी बुद्धी नाठी' हेच आहे. स्मृतिभ्रंश म्हणजे वयाबरोबर येणारा साधा विसरभोळेपणा नव्हे. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. अल्झायमर हे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण, पण मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्यामुळेही होतो, आणखीही कारणं आहेत. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं. संशय घेणं, चोरीचा आळ घेणं, संध्याकाळ झाली की अस्वस्थ होणं, दिवस-रात्रीची अदलाबदल होणं, हे सगळं त्या आजाराचा भाग आहे. आणि आळ येतो तो सर्वांत जवळ असणाऱ्या माणसावर. दिवाळीला दोन दिवस येणाऱ्या मुलीवर येत नाही, रोज धुणाऱ्या सुनेवर येतो. बांगड्यांचा आरोप हे लक्षण आहे हे वहिनीला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांनाही नाही आणि मलाही ते सुचलं नाही.

हे फार थोड्या घरांत आहे असंही समजू नका. २०२३ मध्ये एक देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साठीच्या पुढच्या माणसांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के निघालं, म्हणजे देशात ८८ लाखांच्या आसपास माणसं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. म्हणजे ज्यांना होतो त्यांतही बायका अधिक, आणि जिच्यावर सांभाळायची वेळ येते तीही बहुधा बाईच.

हे काम इतकं का थकवतं? आपण बायका तर जन्मभर कुणाचं ना कुणाचं करतच असतो. मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, ह्या कामाला शेवट दिसत नाही आणि फळही दिसत नाही. तान्ह्या मुलाचं करताना झोपमोड होते, पण मूल रोज काहीतरी नवीन शिकतं. इथे रोज काहीतरी वजा होतं. आज घास भरवावा लागला नाही म्हणून आनंद करावा, तर उद्या भरवावाच लागणार असतो. अशी पाच-सात वर्षं, कधी दहा.

दुसरं, हे नुसतं हाताचं काम नाही, राखणीचं काम आहे. भाजी चिरताना कान त्या खोलीकडे, न्हाणीघरात गेलं तरी दार अर्धवट लोटलेलं. शेतावर राखणीला बसलेल्या माणसाचं काम आपण काम म्हणून मोजतो. हिच्या राखणीला कोणी 'घरीच तर असते' म्हणतं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष ते करतात ते ९७ मिनिटं. घरातल्या माणसांची काळजी घेण्यात बायकांची १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. मला प्रश्न पडतो, रात्री दोन वाजता कडी वाजते का हे ऐकत अर्धवट झोपलेल्या बाईची मिनिटं कुठे धरायची? झोपेत की कामात?

तिसरं कारण बोलायला अवघड आहे. ज्या माणसाचं करायचं त्याच्याशी एक जुना हिशेब असतो. वहिनीने मला हळूहळू सांगितलं. लग्नानंतर पहिली दहा वर्षं ह्याच सासूबाईंनी तिला शिळं जेवायला घातलं होतं, पहिली मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीला पाणी तापवून दिलं नव्हतं. आता त्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. ती म्हणाली, "त्या विसरल्या. मी कशी विसरू? अंगाला साबण लावताना आठवतंच." नवऱ्याने मारलं, मग तो अर्धांगवायूने पडला आणि आता बायकोच त्याचं सगळं करते, अशा कितीतरी बायका आपण बघतो. माफ करायचं की नाही हे ठरवायलासुद्धा तिला उसंत मिळत नाही. तिला आधी दुपट्टी धुवायची असतात.

आता माझ्या घरचं. माझ्या आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, हाच आजार होता. सात वर्षं माझ्या आईने तिचं केलं. त्यातली दोन वर्षं मी शहरात राहून समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. स्त्रियांचे अदृश्य श्रम ह्या विषयावर मी छान निबंध लिहिला होता. सुट्टीत घरी गेले की आई म्हणायची, "तू बस, अभ्यास कर." मी बसायचे. आईच्या पित्ताशयात खडे झाले होते, ऑपरेशन तिने दोनदा पुढे ढकललं, कारण आजीकडे बघायला कोण? वडिलांनी कधी 'मी रजा काढतो' म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही. आजी गेली त्याच्या तेराव्यानंतर आई मला म्हणाली, "ती गेली त्या रात्री मला किती वर्षांनी गाढ झोप लागली. आणि सकाळी उठून त्याचीच लाज वाटली." ही लाज तिच्या वाट्याला आली. वडिलांच्या नाही, माझ्याही नाही. सगळ्यांनी तिला 'फार सेवा केलीस' म्हटलं.

'सेवा' ह्या शब्दाकडे जरा संशयाने बघू या. सेवा म्हटली की मोबदला मागता येत नाही, सुट्टी मागता येत नाही, 'मला जमत नाही' म्हणता येत नाही. सेवा करणारी थकली तर तिची माया कमी पडली असं होतं. काम करणारी थकली तर कामाचे तास जास्त आहेत असं म्हणता येतं. म्हणून मी ह्याला काम म्हणते. त्यात माया असेल, नसेल. तो तिचा प्रश्न. तास हा आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो बघा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. त्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या व्याख्येत नाही. म्हणजे जबाबदारी मुलाची, काम सुनेचं, आणि खोली बहुधा सासूच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. वहिनी आधी एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जात होती, ते सुटलं. तिच्या म्हातारपणासाठी कुठे एक रुपया जमा होत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे, पण त्या कायद्याच्या २१ अपंगत्वांच्या यादीत स्मृतिभ्रंशाचं स्वतंत्र नाव नाही. केरळ सरकारने अंथरुणाला खिळलेल्या माणसांना पूर्णवेळ सांभाळणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आणली, महिना ६०० रुपयांची. रक्कम हसण्यासारखी आहे. पण ह्या कामाचा काही मोबदला असू शकतो हे एका सरकारने कागदावर मान्य केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक कायदा आपल्या जवळचा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आपण सगळ्यांनी वस्तीवस्तीत नेला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले, त्यामुळे बाईविरुद्धही तक्रार करता येते. म्हणजे अशी सासू सुनेविरुद्ध तक्रार करू शकते, आणि करावी लागली तर आपण तिच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे. गैरसमज नको. दंडावरचे वळ खरे होते. जी बोलून सांगू शकत नाही तिचं रक्षण आधी. थकवा हे मारण्याचं समर्थन नाही. पण नुसती समज देऊन आणि सही घेऊन त्या म्हातारीचं रक्षण होत नाही, हे मी पंधरा दिवसांत शिकले. कारण त्या रात्रीही दोन वाजता सासूबाई उठल्याच होत्या आणि त्यांच्याजवळ वहिनी एकटीच होती.

आता पुरुषांबद्दल. आमच्याकडे एक निवृत्त कामगार येतात. बायकोला आजार, सगळं तेच करतात. वेणीसुद्धा घालतात. मनापासून करतात, आणि तेही थकतात. पण त्यांना आख्खी चाळ 'देवमाणूस' म्हणते. दुपारचा डबा शेजारून येतो. वहिनीच्या घरी चार वर्षांत डबा आलेला नाही. त्यांचं कौतुक करू नका असं मी म्हणत नाही. तोच डबा वहिनीकडेही जाऊ दे, एवढंच.

ज्यांना परवडतं ते ब्युरोकडून बाई ठेवतात. तिला 'मावशी' म्हणतात. बारा तासांची पाळी, मधे झोपायचं नाही, आणि ब्युरोचं कमिशन कापून उरेल तो पगार. मावशीच्या घरीही म्हातारी सासू असू शकते. एका बाईच्या पाठीवरचं ओझं उचलून तिच्याहून गरीब बाईच्या पाठीवर ठेवलं तर ओझं कमी झालं असं आपण म्हणू शकत नाही. मावशीचे तास, सुट्टी, वेतन हा ह्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे.

मग करायचं काय? गोव्यात अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ८१ कुटुंबं घेतली. गावातल्याच, साधं शिक्षण असलेल्या माणसांना थोडं प्रशिक्षण देऊन सल्लागार म्हणून घरोघरी पाठवलं. आजार समजावायचा, वागणं कसं हाताळायचं ते सांगायचं, ऐकून घ्यायचं, घरच्यांना कामात ओढायचं. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा होणारा त्रास कमी झाला. मात्र अंगावरचा बोजा मोजणाऱ्या प्रश्नावलीत ठोस म्हणावा इतका फरक पडला नाही. मी त्याचा अर्थ असा लावते की समजुतीच्या शब्दांनी मन हलकं होतं, आणि त्याची गरज आहेच. पण पाठीवरचं ओझं दुसऱ्या कोणी उचलल्याशिवाय उतरत नाही.

आमचा अनुभवही तोच आहे. वहिनीनंतर आम्ही अशा बायकांची महिन्याची बैठक ठरवली. अकरा जणींना बोलावलं, तीन आल्या. बाकीच्या येणार कशा? आम्ही नेहमीसारखं पत्रक काढलं होतं, घरी कोण बसणार ह्याचा विचार केला नव्हता. पुढच्या महिन्यात आधी घरी बसायला माणूस पाठवला, मग बैठकीला बोलावलं. आठ आल्या. वहिनी आली, चटईवर भिंतीला टेकून बसली आणि चर्चा सुरू व्हायच्या आधी झोपली. दोन तास. आम्ही हळू आवाजात बोललो. ती बैठक मी यशस्वी समजते.

आम्ही जे करून बघितलं ते थोडक्यात सांगते. एक, तक्रार आली की दोघींना वेगवेगळं भेटायचं आणि सांभाळणारीला झोप, जेवण, तिचं स्वतःचं दुखणं विचारायचं. दोन, रुग्णाला आधी सरकारी रुग्णालयात दाखवायचं. थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य ह्यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. एकाएकी गोंधळ वाढला तर लघवीचा जंतुसंसर्गही असू शकतो. तीन, रुग्णाच्या कपड्याला आतून पत्ता आणि फोन नंबर शिवायचा. चाळीतल्या लोकांना बोलावून आजार समजावायचा, म्हणजे बांगड्यांचा आरोप कोणी खरा मानणार नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी फोन नंबर भिंतीवर लावायचे. चार, आणि हे सर्वांत अवघड, नवऱ्याला, दिरांना, नणंदांना एकत्र बसवून कागदावर पाळ्या लावायच्या. मदत हा शब्द वापरायचा नाही. पाळी म्हणायचं. कारखान्यातल्या माणसाला तो शब्द बरोबर कळतो.

सरकारकडे मागायचं ते वेगळं. पाळणाघरांसाठी आपण भांडलो, तसंच प्रत्येक प्रभागात आणि तालुक्याला म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसाचं केंद्र हवं. आजारी माणसाला आठ-पंधरा दिवस ठेवता येईल अशी सोय हवी, म्हणजे माझ्या आईसारखीचं ऑपरेशन पुढे ढकललं जाणार नाही. सांभाळणारीला भत्ता हवा. घरी जाऊन काम करणाऱ्या मावश्यांना ठरलेले तास आणि ठरलेलं वेतन हवं. आणि हे काम पुन्हा आशाताईंच्या यादीत फुकट घालून मोकळं होता कामा नये.

वहिनीच्या नवऱ्याने सुरुवातीला 'मला बाईमाणसाचं कसं जमणार' म्हटलं होतं. तीन बैठका लागल्या. आता ज्या आठवड्यात त्याची पहिली पाळी असते, त्या आठवड्यात शनिवारची रात्र त्याची, कारण रविवारी सुट्टी. बाकीच्या सहा रात्री अजून हिच्याच आहेत. हा फार मोठा विजय आहे असं मी सांगत नाही. पहिल्या शनिवारी ती दोनदा उठली, तो जागा आहे ना बघायला. तो जागा होता. मग ती झोपली.

तुम्ही आपापल्या गावी परत जाल तेव्हा वस्तीतली अशी घरं शोधा. शोधायला वेळ लागणार नाही, दाराला बाहेरून कडी असेल. आत गेलात की आधी तो एक प्रश्न विचारा, रात्री इथे कोण उठतं? उत्तर एकाच नावाचं आलं, तर तिथून कामाला सुरुवात करा.